अळंबीचा पत्ता

श्रावणात सावंतवाडीहून बांद्यामार्गे गोव्याकडे निघालात की रस्त्याच्या कडेला सागाच्या पानांवर अळंब्यांचे वाटे मांडून बसलेल्या बायका दिसतात. भाव ऐकून गाडीतलं कुणीतरी "बापरे" म्हणतं, पण वाटा घेतलाच जातो. मग सहज विचारणं होतं, "मावशी, मिळतात कुठे ह्या?" मावशी हसते. "रानात." यापुढे एक अक्षर नाही. माझी आजी तर सख्ख्या जावेलाही आपली अळंबीची वारुळं सांगत नसे.

आता नकाशावर बरंच वर जाऊ. तिबेटी पठाराच्या आग्नेय कडेला, समुद्रसपाटीपासून 3,200 मीटरवरच्या एखाद्या गावात ऑगस्टमध्ये हाच प्रश्न विचारला तर उत्तरही हेच मिळतं: वर, डोंगरात. तिथली अळंबी वेगळी, झाडं वेगळी, भाषा वेगळी. पण न सांगण्याचं कारण तेच. लोक याला लबाडी समजतात. खरं तर ते कारण जमिनीखाली आहे, आणि ते एकदा कळलं की या अळंबीचा भाव, गावांचे नियम, बाजारातली धावपळ, सगळं त्यातूनच उलगडत जातं.

तिबेट म्हटलं की आपल्याला उघडंबोडकं पठार, याक आणि बोचरा वारा आठवतो. आग्नेय कडा तशी नाही. खाम नावाचा हा जुना तिबेटी प्रदेश आज चीनच्या वेगवेगळ्या प्रांतांत वाटला गेलाय. त्याचा मोठा भाग सिचुआनच्या गार्झे आणि युन्नानच्या देचेन या जिल्ह्यांत येतो. यांगत्से, मेकाँग आणि साल्वीन या तीन नद्या इथे शेजारी शेजारी खोल दऱ्या कापत दक्षिणेकडे धावतात. त्याच दऱ्यांतून पावसाळी वारे उलट दिशेने वर शिरतात. म्हणून 3,000 ते 4,000 मीटर उंचीवरही इथे दाट जंगल आहे. पाइन, फर आणि सदाहरित ओक. या ओकची पानं जाड, कडेला काटेरी. जुलै ते सप्टेंबर या जंगलात पाऊस असतो, आणि त्याच महिन्यांत आपल्या लेखाची नायिका जमिनीवर डोकं काढते.

तिबेटीत ओकला ‘बे’ म्हणतात आणि अळंबीला ‘शामो’. ओकची अळंबी ती ‘बेशा’. (‘शा’ म्हणजे मांससुद्धा. अळंबी खाल्लेल्या कुणालाही हे नातं समजावून सांगावं लागू नये.) जगाच्या बाजारात मात्र ही अळंबी ‘मात्सुताके’ या जपानी नावाने ओळखली जाते. ‘मात्सु’ म्हणजे पाइन, ‘ताके’ म्हणजे अळंबी. म्हणजे तिबेटी माणूस तिला ओकची म्हणतो, जपानी माणूस पाइनची, आणि दोघंही बरोबर आहेत. जपानात ती पाइनखाली येते, खाममध्ये बहुतेक ठिकाणी ओकखाली. दोन्ही भाषांनी नाव ठेवताना अळंबीचा रंग पाहिला नाही की आकार. झाड पाहिलं. जीवशास्त्रज्ञांना जे सिद्ध करायला बराच काळ लागला, ते नाव ठेवणाऱ्यांना आधीच दिसलं होतं.

अळंबी ज्याला आपण म्हणतो ते खरं तर फळ. आंब्याचं झाड जमिनीखाली गाडलेलं असावं आणि नुसते आंबे वर यावेत, तसं. खालचं ‘झाड’ म्हणजे केसाहून बारीक पांढऱ्या तंतूंचं जाळं, म्हणजेच बुरशी. हे जाळं वर्षानुवर्षं जगतं. वरची छत्री आठ-पंधरा दिवसांची पाहुणी.

प्रश्न असा की हे जाळं खातं काय? अळंब्यांचे इथेच दोन पंथ होतात. एक पंथ मेलेल्यावर जगतो: कुजकं लाकूड, पेंढा, शेण, पालापाचोळा. आपल्याकडे बचत गट ज्या धिंगरी अळंबीचे बेड लावतात, ती याच पंथातली. गव्हाचा किंवा भाताचा पेंढा भिजवा, निर्जंतुक करा, पिशवीत भरून बियाणं टाका, तीन-चार आठवड्यांत अळंबी तयार. बटण अळंबीचंही तसंच, फक्त तिला कंपोस्ट लागतं. अन्न मेलेलं असलं की ते पिशवीत भरता येतं. साऱ्या अळंबी-उद्योगाचा पाया एवढाच आहे.

बेशा दुसऱ्या पंथाची. ती जिवंत झाडाबरोबर संसार करते. ओकच्या कोवळ्या मुळाचं टोक भिंगाखाली धरलं तर त्यावर मोजा चढवावा तसं तंतूंचं आवरण दिसतं. काही तंतू मुळाच्या बाहेरच्या पेशींमधल्या फटींत शिरतात, पेशीत मात्र घुसत नाहीत. देवाणघेवाण या फटींत चालते. झाड पानांत साखर बनवतं आणि तिचा काही वाटा बुरशीला देतं. बुरशीचे तंतू मुळांहून कितीतरी बारीक असल्यामुळे मूळ पोचत नाही तिथे पोचतात आणि पाणी, फॉस्फरस, नायट्रोजन ओढून आणतात. विज्ञानात या भागीदारीला मायकोरायझा म्हणतात. ग्रीकमध्ये ‘मायको’ म्हणजे बुरशी आणि ‘रायझा’ म्हणजे मूळ. जगातली बहुसंख्य झाडं कुठल्या ना कुठल्या बुरशीशी असा करार करून बसलेली आहेत, त्यामुळे यात बेशाचं एकटीचं कौतुक नाही.

कौतुक तिच्या आवडीनिवडीचं आहे. सुपीक, काळ्याभोर, पालापाचोळ्याने भरलेल्या जमिनीत ती टिकत नाही, कारण तिथे चपळ बुरश्यांची गर्दी असते आणि ही स्वभावाने संथ. तिला लागते हलकी, निचऱ्याची, हाडकुळी जमीन. भागीदार झाड कोवळं रोप असून चालत नाही, जरा वाढलेलं हवं. शिवाय पाऊस आणि जमिनीचा गारवा यांचा मेळ बसला पाहिजे. जपानात असं दिसून आलंय की उन्हाळा संपता संपता जमिनीचं तापमान 19 अंशांच्या आसपास उतरलं की खाली अळंबीच्या कळ्या धरायला लागतात.

प्रयोगशाळेत तिचे तंतू वाढवता येतात. पाइनच्या रोपांच्या मुळांवर ते चढवताही येतात. जपान आणि कोरियात अनेक दशकं हे प्रयोग चालू आहेत. पण रोप जंगलात लावलं की बहुतेक वेळा तिथल्या स्थानिक बुरश्या हिला मुळावरून हुसकावून लावतात. कोरियातल्या प्रयोगांत काही मोजकी अळंबी हाती आली, तीही वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर. बाजारात वजनकाट्यावर पडेल अशी शेती अजून कुणालाच जमलेली नाही. म्हणजे टोकियोच्या दुकानात दिसणारं प्रत्येक मात्सुताके कुणीतरी, कुठल्यातरी डोंगरावर, वाकून हाताने काढलेलं असतं.

आमच्याकडची वारुळावरची अळंबी याच कारणाने महाग. तिचा भागीदार झाड नाही, वाळवी. वाळवी वारुळाच्या पोटात चावलेल्या पाल्याचे-लाकडाचे गोळे रचते आणि त्यावर ही बुरशी पोसते. पावसाळ्यात ती बुरशी वारुळातून वर येते, गोव्यात तिला अळमी म्हणतात, विदर्भात सात्या. वाळवीचं राज्य पिशवीत भरता येत नाही, म्हणून हिचीही शेती होत नाही. गंमत म्हणजे ही वारुळाची अळंबी युन्नानमध्येही येते. तिथे तिला ‘जीझोंग’ म्हणतात आणि लोक तिच्यावर जीव टाकतात. आणि मात्सुताकेला? युन्नानच्या काही भागांत जुन्या काळी तिचं नाव होतं ‘घाणेरडी जीझोंग’. आपल्या अळमीची वास मारणारी बहीण, असं समजा.

या वासाबद्दल जगात एकमत नाही. दालचिनी, पाइनचा डिंक, ओली माती आणि यांच्या मागे घामट मोज्यांसारखं काहीतरी. दालचिनीची आठवण उगीच होत नाही. मेथिल सिनॅमेट नावाचं रसायन त्या वासात असतं, आणि त्याचं नावच मुळी दालचिनीच्या लॅटिन नावावरून पडलंय. जपानी माणसाला या वासात शरद ऋतू दिसतो. नॉर्वेचे वनस्पतिशास्त्रज्ञ अॅक्सेल ब्लिट यांना मात्र त्यात वेगळंच काही जाणवलं असावं. 1905 साली प्रसिद्ध झालेल्या वर्णनात त्यांनी नॉर्वेतल्या या अळंबीला ‘नॉसिओसा’ म्हटलं, म्हणजे मळमळ आणणारी. पुढे डीएनए तपासल्यावर कळलं की नॉर्वे-स्वीडनची मळमळवाली आणि जपानची लाडकी एकच जात आहे. शास्त्राच्या नियमाप्रमाणे जुनं नाव टिकायला हवं होतं. पण एवढ्या महागड्या मालाला ‘मळमळ’ म्हणायला कोण तयार होणार? खास अपवाद करून ‘मात्सुताके’ हेच अधिकृत नाव राखलं गेलं.

आता डोंगरावर जाऊ. गोळा करणारे पहाटे, अंधार असतानाच निघतात. डोक्याला बॅटरी, पाठीवर टोपली नाहीतर पिशवी, हातात टोकदार काठी किंवा छोटी लोखंडी सळई. हंगामात काही ठिकाणी अख्खं कुटुंब वरच तंबू ठोकून राहतं. आपल्या मनातलं चित्र असं असतं की माणूस जंगलात भटकतोय आणि इकडेतिकडे पाहता पाहता अळंबी सापडतेय. मुरलेला माणूस भटकत नाही. त्याच्या डोक्यात पत्ते असतात. या ओकच्या उतरत्या बाजूला, त्या खडकाच्या वर दोन हात, तिसरा त्या पडलेल्या फरच्या पलीकडे. टपालवाल्यासारखा तो एकेका पत्त्यावर डोकावत जातो.

हे पत्ते कायम का राहतात? कारण जाळं तिथेच जगतं. तंतू आणि मुळं मातीला इतकी बांधून टाकतात की त्या पट्ट्यात माती पांढुरकी, कोरडी, भुसभुशीत होते. जपानीत याला ‘शिरो’ म्हणतात. शिरो वर्षाला दहा-पंधरा सेंटीमीटर बाहेरच्या बाजूला सरकतो आणि अळंब्या त्याच्या पुढच्या कडेवर येतात. म्हणजे पत्ता दरवर्षी अर्ध्या-पाऊण वितीने हलतो, आणि तेवढा हिशेब जाणत्याला येतो. एकदा हे समजलं की जावेला वारूळ न सांगणारी आजीही समजते. हातातली अळंबी ही एका दिवसाची कमाई. तिची जागा ही जन्माची ठेव. खाममध्ये बाप आपल्या जागा मुलांना दाखवतो, शेजाऱ्याला नाही. मागे कुणी येतंय असं वाटलं तर वाट वाकडी करून जायचं, ही तिथली रीतच.

बेशा दिसते कशी, हा नवख्याचा पहिला प्रश्न. उत्तर असं की चांगली बेशा दिसतच नाही. दिसली म्हणजे उशीर झाला. पालापाचोळा एका जागी किंचित फुगलेला असतो, शेवाळाला बारीक चीर गेलेली असते, बस एवढीच खूण. माणूस गुडघ्यावर बसतो, तळहाताने तो फुगवटा हलकेच दाबून पाहतो. खाली दगड असेल तर हाताला टणक लागतो, बेशा असेल तर टणक पण जिवंत, थोडी लवचीक. मग पाला बोटांनी बाजूला होतो. काठी अळंबीच्या शेजारी तिरकी घालून, देठाच्या बुंध्याखालून हळू उचलायची. देठ तुटला की भाव तुटला. वर आली की ती बोटभर ते वीतभर लांब, जाड, फिकट तपकिरी खवल्यांची, छत्री अजून मिटलेली. मातीचा गोळा बोटाने झटकायचा, पाण्याने कधीच धुवायचं नाही. मग ऱ्होडोडेंड्रॉनच्या रुंद पानात गुंडाळायची. हिमालयात ट्रेक केलेल्यांना हे झाड बुरांस म्हणून माहीत असेल. ही पानं चिवट असतात, ओल धरून ठेवतात आणि जंगलात फुकट मिळतात.

यानंतरची कृती सगळ्यात महत्त्वाची. खड्डा बुजवायचा. काढलेली माती परत आत, वर तोच पाला, तेच शेवाळ, आणि हाताने एक थाप. यात दोन कामं होतात. उघडं पडलेलं तंतुजाल उन्हाने सुकत नाही, आणि मागून येणाऱ्याला पत्ता कळत नाही. धर्म आणि धोरण एकाच मुठीत.

‘इतकी अळंबी काढली तर ती संपणार नाही का?’ असं कुणीही विचारेल. इथे फळाची उपमा कामाला येते. आंबे उतरवल्याने झाड मरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये 1975 पासून 29 वर्षं चाललेल्या एका अभ्यासात एका भागातल्या अळंब्या नियमित तोडल्या, दुसऱ्या भागातल्या तशाच ठेवल्या. तोडल्यामुळे पुढच्या पिकात घट दिसली नाही. माणसांच्या पायांनी जमीन तुडवली गेल्यावर मात्र त्या जागी अळंब्या कमी आल्या. अमेरिकेत ओरेगनमध्ये तिथल्या मात्सुताकेवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की जपून उपटणं चालतं, पण दाताळ्याने पाला खोलवर खरवडून खड्डे तसेच सोडले तर पीक बसतं. म्हणजे तोडण्यापेक्षा उकरणं वाईट. गावातली म्हातारी माणसं खड्डा न बुजवणाऱ्या पोरांवर ओरडतात ते उगीच नाही.

दुसरं संकट लहान अळंबीचं. छत्री मिटलेलीच महाग, म्हणून घाई होते, आणि घाईत बोटभरही नसलेली पिल्लं उपटली जातात. वजन नाही, भाव नाही, आणि बीजाणूही नाहीत. बीजाणू म्हणजे अळंबीचं बी, ते छत्री उघडल्यावर खालच्या पापुद्र्यांतून झडतं. सगळ्याच छत्र्या मिटलेल्या असताना गेल्या तर नवा पत्ता वसणार कसा? म्हणून देचेनमध्ये 5 सेंटीमीटरहून लहान बेशा काढायला आणि विकायला मनाई आहे. चीनने 1999 मध्ये मात्सुताकेला दुसऱ्या श्रेणीच्या संरक्षित रानवनस्पतींच्या यादीत घातलं. (अळंबी वनस्पती नाही, पण सरकारी यादीत बसवायला कुठलातरी रकाना लागतोच.) 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेनेही तिची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून केली.

कायद्यापेक्षा गावाचा वचक मोठा. काही गावांनी आपापल्या डोंगराच्या हद्दी आखल्या आहेत. बाहेरच्याने यायचं तर पैसे भरायचे. काही ठिकाणी ठरलेल्या दिवशीच सगळ्यांनी वर जायचं, मधले दिवस जंगलाला विसावा. यामागे जुनी परंपरा आहे. तिबेटी समाजात डोंगराला ‘मोहोर लावण्याची’ पद्धत होती. मोहोर लागलेल्या भागात शिकार नाही, लाकूडतोड नाही. आपल्या देवराईत पान तोडायलाही माणूस दहादा विचार करतो, तसंच काहीसं.

एवढं सगळं असलं तरी शंभर वर्षांपूर्वीच्या खाममध्ये बेशा काही सोनं नव्हती. घरची भाजी होती, ती मिळाली तर खायची. भाव आला तो जपानमुळे, आणि जपानला गरज पडली ती आपलं जंगल बदलल्यामुळे. 1941 साली जपानात सुमारे 12,000 टन मात्सुताके निघाली. अलीकडे बहुतेक वर्षी आकडा 100 टनांच्याही खाली असतो. जंगल तोडलं म्हणून? उलट. पूर्वी जपानी शेतकरी गावाजवळच्या टेकड्यांवरून सरपण आणि पाला गोळा करून नेत. त्यामुळे जमीन हाडकुळी राहायची, पाइनला ऊन मिळायचं आणि मात्सुताकेचं फावायचं. युद्धानंतर गॅस आला, रासायनिक खत आलं, टेकडीवर जाणं थांबलं. पाला साचला, जमीन ‘सुधारली’, रुंद पानांची झाडं वाढली. त्यात उत्तर अमेरिकेतून आलेल्या एका सूक्ष्म कृमीने पाइनची झाडं वाळवून टाकली. निसर्गाला हात न लावणं हे दरवेळी पुण्याचं काम असतंच असं नाही. खाममध्ये आजही गुरांच्या गोठ्यात अंथरायला ओकचा पाला आणतात, चुलीला लाकूड आणतात. त्यांना याचा हिशेब कुणी शिकवला नव्हता.

1980 च्या दशकात जपानी व्यापारी युन्नानपर्यंत पोचले आणि घाणेरडी जीझोंग एकदम परकीय चलन मिळवू लागली. मग 1998 च्या उन्हाळ्यात यांगत्सेला प्रचंड पूर आला. सरकारने त्याचा दोष नदीच्या वरच्या अंगाला झालेल्या जंगलतोडीवर ठेवला आणि तिथल्या नैसर्गिक जंगलात तोड बंद केली. देचेनसारख्या जिल्ह्याचं उत्पन्न लाकडावर उभं होतं. ते एका फटक्यात थांबलं. उरली अळंबी आणि पर्यटन. पर्यटनासाठी झोंगदियान या गावाचं नाव 2001 मध्ये ‘शांग्रीला’ ठेवलं गेलं, एका इंग्रजी कादंबरीतल्या काल्पनिक जागेवरून. तिबेटी लोक त्याला आजही ग्यालथांग म्हणतात. नाव काल्पनिक असलं तरी तिथला अळंबीबाजार अगदी खरा.

या बाजाराचा सगळा खेळ घड्याळाचा. अळंबीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. काढल्यापासून ती सुकत जाते, वजन उतरतं, छत्री उघडायला लागते. माश्यांनी आधीच अंडी घातली असतील तर आतल्या अळ्याही आपलं काम चालू ठेवतात. म्हणून दुपारच्या आत माणसं खाली उतरतात. रस्त्याच्या कडेला दलाल ताजवा घेऊन उभा असतो. तो एकेक अळंबी उचलतो, बुंधा अंगठ्याने दाबतो. मऊ लागला तर आत अळ्या. छत्रीची कड देठाला चिकटलेली आणि मधला पडदा शाबूत असेल तर पहिली प्रत. पडदा फाटला की दुसरी. छत्री पूर्ण उघडली की शेवटची, आणि भाव पहिल्या प्रतीच्या जवळपासही नाही. संध्याकाळी माल शहरात, रात्री बर्फात, मग कुनमिंग किंवा चेंगदूच्या विमानतळावर. एक-दोन दिवसांत जपान. तिकडे मागणी घसरली की इथला भाव सकाळी एक आणि दुपारी एक. डोंगरावर असलेल्या माणसाला ते खाली उतरल्यावर कळायचं. आता मोबाइलवर वरच कळतं, मग कधीकधी तो उतरतच नाही, उद्याची वाट पाहतो.

एका गिऱ्हाइकावर बाजार उभा असला की काय होतं ते 2002 मध्ये दिसलं. चीनमधून आलेल्या मात्सुताकेत जपानला कीटकनाशकाचे अंश सापडले. अळ्या मराव्यात म्हणून कुणीतरी फवारलं होतं, आणि फटका फवारणी न करणाऱ्यांनाही बसला. पुढे चीनमध्येच गिऱ्हाईक तयार झालं. 2012 मध्ये तिथल्या सरकारी वाहिनीवरच्या एका गाजलेल्या खाद्यमालिकेचा पहिलाच भाग शांग्रीलाजवळ मात्सुताके शोधणाऱ्या तिबेटी मायलेकींपासून सुरू होतो. अळंबी काढल्यावर मुलगी खड्ड्यावर पाइनच्या सुया पसरते, तेही त्यात दिसतं. आता शांघायमधला माणूस फोनवर ऑर्डर देतो आणि बर्फाच्या खोक्यातून अळंबी त्याच्या दारात येते.

पठारावरची सगळ्यात महाग बुरशी मात्र बेशा नाही. ती आहे ‘यार्त्सा गुनबु’, अर्थ ‘उन्हाळी गवत, हिवाळी किडा’. उत्तराखंडात हिलाच कीडाजडी म्हणतात. ही झाडाशी करार करत नाही. ती जमिनीत राहणाऱ्या पतंगाच्या अळीला आतून खाऊन टाकते आणि वसंतात तिच्या डोक्यातून काडीसारखी वर येते. 3,500 ते 5,000 मीटरवरच्या कुरणांत माणसं पोटावर पडून, गवताला नाक लावून ही तपकिरी काडी शोधतात. काही भागांत या दिवसांत शाळांनाही सुट्टी असते, कारण लहान मुलांची नजर तीक्ष्ण आणि डोळे जमिनीच्या जवळ. विचार करण्याजोगी गोष्ट अशी की या खुनी बुरशीला कारखान्यात वाढवणं चीनमध्ये गेल्या दशकात जमलं. अळ्या पाळा, त्यांना लागण करा, झालं. भक्ष्य पुरवता येतं. संसार लावून देणं कठीण.

संसार मोडायला मात्र एक दिवस पुरतो. सिचुआनच्या गार्झेमधला यालोंग नदीवरचा याजियांग तालुका स्वतःला मात्सुताकेचं माहेरघर म्हणवतो. तिथे मार्च 2024 मध्ये वणवा पेटला, हजारो माणसांना घरं सोडावी लागली आणि अळंबीचे डोंगरही जळाले. अळंबी तेव्हा जमिनीवर नव्हतीच, तिचा हंगाम चार महिने लांब होता. पण ओक जळाले की मुळांना साखर थांबते आणि खालचं जाळं उपाशी मरतं. नवे ओक येऊन, वाढून, त्यांच्या मुळांवर बुरशी पुन्हा बसायला काही दशकं तरी जातील. ज्यांचे पत्ते त्या उतारावर होते, त्यांची वंशपरंपरेची वहीच जळाली.

जाता जाता एक सावधगिरीची गोष्ट. युन्नानच्या डोंगरांत काही दशकं पावसाळ्यात धडधाकट माणसं अचानक, हृदय बंद पडून मरत होती. बऱ्याच वर्षांच्या शोधानंतर 2010 च्या सुमारास संशय एका छोट्या पांढऱ्या अळंबीवर आला. बाजारात तिला कुणी विचारत नसे, म्हणून ती घरच्या पातेल्यात जायची. महागाची विकायची, हलक्याची खायची, या सवयीने घात केला. तेव्हा ओळख नसलेली अळंबी कुठल्याही डोंगरावर तोंडात घालू नका. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण निळी होते वगैरे परीक्षा आपल्याकडेही सांगतात. त्या सगळ्या खोट्या.

बेशाच्या बाबतीत मात्र घरी उरणारा माल खराब नसतो. पहिली प्रत जपानात जाते, तिथे तिचे पातळ काप भातात शिजतात. उघडलेल्या छत्रीची, दलालाने बाजूला सारलेली बेशा परत घरी येते. खरं तर छत्री उघडल्यावरच तिचा वास भरात असतो. संध्याकाळी लोखंडी चुलीच्या तापलेल्या पत्र्यावर ती उलटी ठेवतात, पापुद्रे वर करून. त्या वाटीत मीठ, याकच्या लोण्याचा गोळा, चिमूटभर सातूचं भाजलेलं पीठ. लोणी वितळतं, कडेने पाणी सुटतं, घरभर दालचिनीसारखा वास पसरतो. पोरं चटके बसत असतानाच बोटांनी उचलून खातात. आणि ती वास्तविक तिसऱ्या प्रतीची.